राधिका, मित्रा आणि मधली कात्री

तंजावरच्या उत्तरेला बारा-तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव आहे. नावाचा अर्थ पाच नद्यांचे पवित्र स्थान. संस्कृतात त्याला पंचनद म्हणतात. मराठी माणसाला या गावाची ओळख दोन वाटांनी होते. एक म्हणजे 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी उभे केलेले आणि 1855 पर्यंत टिकलेले तंजावरचे भोसले राज्य. दुसरी म्हणजे त्यागराज. पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी आराधना होते, शेकडो गायक-वादक मांडी घालून बसतात आणि एका सुरात पंचरत्न कृती गातात. त्या समाधीसमोर एका स्त्रीची मूर्ती आहे. ती बंगळूर नागरत्नम्मांची. 1920 च्या दशकात पडझडीला आलेली ही जागा मिळवून, स्वतःची कमाई घालून, समाधीवर मंदिर उभे केले ते त्यांनी.

संगीताच्या जगात नागरत्नम्मांचे हे काम सर्वांना ठाऊक आहे. याच बाईंनी त्याआधी, 1910 मध्ये, मद्रासच्या वाविळ्ळ रामस्वामी शास्त्रुलु यांच्या छापखान्याकडून एक तेलुगू काव्य छापून घेतले होते आणि ते सरकारने अश्लील ठरवून जप्त केले होते, हे मात्र समाधीपाशी येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असते. काव्याचे नाव ‘राधिका सांत्वनमु’. ते लिहिले होते मुद्दुपळनी या गणिकेने, तंजावरचे मराठे राजे प्रतापसिंह (कारकीर्द 1739 ते 1763) यांच्या दरबारात.

या लेखाचा विषय चित्रपट आहे. कादंबरीत, कथेत किंवा नाटकात दोन स्त्रियांमधले प्रेम असते. पडद्यावर येताना त्याचे काय होते, हा प्रश्न आहे. मग सुरुवात तिरुवैयारुपासून कशाला? ‘राधिका सांत्वनमु’ हे स्त्री-स्त्री प्रेमाचे काव्य नाही; तसा दावा केला तर तो खोटा ठरेल. पण एक मजकूर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, पोथीतून छापील पुस्तकात किंवा पुस्तकातून पडद्यावर, स्त्रीच्या इच्छेचे काय केले जाते, याचा सर्वांत नीट नोंदलेला दाखला दक्षिणेत हाच आहे. चित्रपटवाल्यांनी पुढे जे जे केले, ते ते आधी संपादकांनी करून ठेवले होते.

काव्याची कथा थोडक्यात अशी. राधा आता तरुण राहिलेली नाही. तिने वाढवलेल्या इळा नावाच्या मुलीचे ती कृष्णाशी लग्न लावून देते. पहिल्या रात्रीसाठी तिला स्वतः सजवते, काय करावे ते सांगते, कृष्णालाही समजावते. पण पुढे तिचे तिलाच सोसत नाही. ती रुसते, संतापते, आणि कृष्णाला तिची समजूत काढावी लागते. पाचशेहून अधिक पद्यांच्या या रचनेत इच्छा बोलून दाखवणारी, मागणारी, हट्ट करणारी व्यक्ती स्त्री आहे. शृंगारकाव्यांचा तेलुगूत तुटवडा नव्हता. त्यातली बहुतेक पुरुषांची होती. मुद्दुपळनीचे वेगळेपण असे की तिने काव्याच्या आरंभी स्वतःचीही ओळख दिली, आणि आपली परंपरा सांगताना आजी तंजनायकीचे नाव घेतले. कवी आपल्या बापजाद्यांची नावे सांगतात तसे तिने आपल्या घरातल्या बायकांचे सांगितले.

त्या दरबाराचे सोनेरी चित्र रंगवायची गरज नाही. मुद्दुपळनीला मान होता, तो राजाच्या मर्जीवर अवलंबून होता. त्याच तंजावरात, एक पिढी आधी, त्र्यंबकयज्वन् या राजदरबारातल्या पंडिताने ‘स्त्रीधर्मपद्धती’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात पतिव्रतेने पहाटे उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय करावे याचे नियम आहेत. एकाच राज्यात ही दोन्ही पुस्तके झाली. दोन्ही टिकली, पण सारखीच नाही. एकाला आपल्या शब्दांत बदल सोसावा लागला नाही. दुसऱ्याच्या वाट्याला कात्री आली.

ती कात्री एकोणिसाव्या शतकात लागली. चार्ल्स फिलिप ब्राउन या तेलुगू पंडित इंग्रज अधिकाऱ्याच्या वर्तुळातले पैडिपाटी वेंकटनरसु यांनी 1887 मध्ये हे काव्य छापले, पण गाळून. काही पद्ये गेली. त्याबरोबर मुद्दुपळनीने स्वतःविषयी लिहिलेला भागही गेला. शृंगार नको म्हणून पद्ये काढली असे समजू. पण आजीचे नाव कोणाला बोचत होते? हा तपशील पुढच्या सगळ्या चर्चेसाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. कात्री प्रथम चुंबनावर चालते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती पुष्कळदा स्त्रीने स्वतःविषयी केलेल्या निवेदनावर चालते.

दुसरा आघात सुधारकांकडून आला. कंदुकूरी वीरेशलिंगम् हे आंध्रातले मोठे नाव. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. तेलुगू कवींच्या चरित्रग्रंथात त्यांनी मुद्दुपळनीची निर्भर्त्सना केली: असले काही स्त्रीने ऐकूही नये, मग तिच्या तोंडून निघणे तर दूरच, असा त्यांचा सूर होता. नागरत्नम्मांनी आपल्या प्रस्तावनेत त्याला थेट उत्तर दिले. लाज ही फक्त बायकांनीच बाळगायची वस्तू आहे का, असा त्यांचा प्रश्न होता. पुरुषांनी लिहिलेली याहून उघडी काव्ये पंडित आनंदाने वाचतात, अभ्यासालाही लावतात, मग ही एकच का खटकते, हे त्यांनी विचारले. त्यांनी हस्तलिखित मिळवले, छापील पुस्तकाशी ताडून पाहिले, गाळलेले परत घातले, आणि संपादक म्हणून आपले नाव लावले. त्या स्वतः देवदासींच्या परंपरेतल्या होत्या, आणि हे काव्य आपल्यासारख्याच एका स्त्रीचे आहे हे त्यांनी लपवले नाही. सरकारी भाषांतरकाराने काही पद्ये आक्षेपार्ह ठरवली, पोलिसांनी प्रती ताब्यात घेतल्या, आणि पुस्तकावर बंदी आली. ती उठली 1947 मध्ये, टंगुटुरी प्रकाशम् मद्रासचे पंतप्रधान असताना.

तिरुवैयारुला पुढे हीच बाई आणखी एका बंद दाराशी उभी राहिली. आराधनेत स्त्रियांना गायला मनाई होती. ज्या समाधीचे बांधकाम एका बाईच्या पैशाने झाले, तिथे बाईच्या गळ्याला जागा नव्हती. नागरत्नम्मांनी 1927 मध्ये स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. 1940 मध्ये वेगवेगळे गट एकत्र आले आणि स्त्रियांना रीतसर स्थान मिळाले. पुस्तकाची लढाई आणि गाण्याची लढाई, दोन्हींचा मुद्दा एकच होता: जिचे आहे ते तिच्या तोंडून येऊ द्या.

आता हा मुद्दा घेऊन चित्रपटांकडे जाऊ. नागरत्नम्मा समाधीच्या कामात गुंतल्या होत्या त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत बोलपट आला, आणि स्त्री-स्त्री प्रेमाचे पडद्यावर काय करायचे हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्याची दोन उत्तरे पाच वर्षांच्या अंतराने आली. 1931 मध्ये बर्लिनमध्ये ‘मेडशेन इन युनिफॉर्म’ झाला. ख्रिस्टा विन्स्लो या लेखिकेच्या नाटकावर लिओन्टीन झागान या दिग्दर्शिकेने तो केला. पडद्यावर सगळ्या स्त्रियाच होत्या. मुलींच्या कडक शिस्तीच्या वसतिगृहात मान्युएला ही मुलगी आपल्या शिक्षिकेच्या प्रेमात पडते आणि सर्वांसमोर ते बोलून दाखवते. नाटकात ती शेवटी जीव देते. चित्रपटात तिच्या मैत्रिणी धावत जिना चढतात आणि तिला मागे ओढतात. माध्यम बदलताना मूळ कृतीपेक्षा चित्रपट अधिक दयाळू झाला, असे हे उदाहरण आहे. माध्यमांतर म्हणजे ऱ्हासच, असे समजणाऱ्यांनी ते विसरू नये.

दुसरे उत्तर हॉलीवूडचे. लिलियन हेलमन यांच्या 1934 च्या ‘द चिल्ड्रन्स अवर’ या नाटकात एक शाळकरी मुलगी आपल्या दोन शिक्षिकांवर आरोप करते की त्या एकमेकींवर प्रेम करतात. आरोपाने त्यांची शाळा बुडते. आणि मग त्यांपैकी एकीला कळते की तिच्यापुरते ते खरेच आहे. 1936 मध्ये विल्यम वायलर यांनी त्यावर ‘दीज थ्री’ हा चित्रपट केला, तेव्हा अमेरिकन निर्मात्यांची नैतिक आचारसंहिता कडकपणे लागू झालेली होती. त्यामुळे नाव बदलले आणि आरोपही बदलला: एका शिक्षिकेचे दुसरीच्या नियोजित नवऱ्याशी संबंध आहेत, असा. नाटकाचा आत्मा काढून घेतला आणि सांगाडा तसाच ठेवला. त्याच वायलर यांनी 1961 मध्ये ऑड्री हेपबर्न आणि शर्ली मॅक्लेन यांना घेऊन तोच चित्रपट मूळ नावाने पुन्हा केला. या वेळी आरोप मूळचाच होता. पण जिला स्वतःचे मन कळते ती गळफास घेते. पंचवीस वर्षांत प्रगती एवढीच झाली की जिचे अस्तित्व पूर्वी गाळले होते, तिला आता येऊन मरायची मुभा मिळाली.

या दोन प्रती शेजारी ठेवल्या की माध्यमांतराच्या युक्त्या ओळखू येतात. पहिली, गाळणे. दुसरी, वळवणे: प्रेम असते, पण ते एखाद्या पुरुषाकडे वळवायचे किंवा निखळ मैत्री म्हणून दाखवायचे. तिसरी, आजार ठरवणे. चौथी, शेवटी मारणे. भारतात या चारांना पाचवी जोडावी लागते: कारण देणे. नवरा दुर्लक्ष करतो म्हणून बाई बाईकडे वळली, असे कारण. त्यामुळे प्रेक्षकाला दिलासा मिळतो की नवरा बरा असता तर हे घडले नसते.

मराठीत या विषयाची सर्वांत मोठी नोंद विजय तेंडुलकरांच्या नावावर आहे, आणि तीही एका वर्षाच्या आत दोन माध्यमांत. 1981 मध्ये ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, 1940 च्या दशकाच्या आरंभीची कॉलेजातली मुलगी. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, आणि नाटकातल्या नायिकेच्या, नमाच्या, प्रेमात पडते. रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा केली. ती हुशार आहे, उद्धट आहे, मालकी हक्क गाजवणारी आहे, प्रेमासाठी कोणाचाही वापर करू शकणारी आहे. शेवटी ती आत्महत्या करते. नाटकाच्या नावातच एक अडचण दडलेली आहे: गोष्ट मित्राची, पण सांगतो तिचा मित्र बापू. तिच्यावर जीव टाकणारा, तिला समजून घेऊ पाहणारा, आणि तिला पुरते न समजलेला बापू. तेंडुलकरांना ही मर्यादा दिसत नव्हती असे नाही. ती दाखवणे हाच नाटकाचा एक भाग आहे. पण परिणाम असा की मराठी रंगभूमीवरची पहिली ठळक लेस्बियन नायिका पुरुषाच्या आठवणीतून आपल्यापर्यंत पोचते.

1982 मध्ये जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरचा हा चित्रपट, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन घर, नवरा आणि मुलगी सोडून एका महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. गिरीश कार्नाड नवऱ्याच्या भूमिकेत आहेत. चित्रपटाला मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सुबह’ नावाने हिंदी आवृत्तीही झाली. एका पिढीच्या मराठी बायकांनी या चित्रपटातून घराबाहेर पडण्याची भाषा शिकली, असे म्हटले तर ते फार वाढवून सांगणे होणार नाही.

त्या सुधारगृहात दोन बायकांचे एकमेकींशी शरीरसंबंध असल्याचे उघड होते, आश्रमात खळबळ माजते, आणि सुलभाला भूमिका घ्यावी लागते. तिची भूमिका माणुसकीची आहे: यांना शिक्षा नको, मानसोपचारांची गरज आहे. 1982 च्या मराठी पडद्यावर हा शब्दच न उच्चारण्यापेक्षा हे पुष्कळ पुढचे पाऊल होते. तरी दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून 1973 मध्येच काढले होते. म्हणजे चित्रपटातल्या सर्वांत सहृदय माणसाच्या तोंडी जो वैद्यकीय उपाय आहे, तो नऊ वर्षे जुना झालेला होता. आणि दुसरे, त्या दोघींना काय वाटते हे आपल्याला कळत नाही. सुलभाच्या वाटेतला एक कठीण प्रसंग म्हणून त्या येतात आणि जातात.

इथे वीरेशलिंगम् आठवतात. ते विधवांच्या बाजूने उभे राहिले आणि मुद्दुपळनीच्या विरुद्ध. ‘उंबरठा’ घराबाहेर पडणाऱ्या बाईच्या बाजूने ठाम उभा राहतो आणि बाईवर प्रेम करणाऱ्या बाईला दवाखाना दाखवतो. ही तुलना जब्बार पटेलांना कमी लेखण्यासाठी नाही. सुधारणेच्या प्रत्येक लाटेला एक काठ असतो, आणि त्या काठावर कोण राहिले हे पुढच्या पिढीला पाहावेच लागते. छळ करणाऱ्यांनी काय गाळले ते सहज दिसते; आपल्या बाजूच्या माणसांनी काय गाळले ते दिसायला वेळ लागतो.

‘उंबरठा’ यायच्या चार वर्षे आधी केरळात कादंबरीतून पडद्यावर येण्याचे सरळ उदाहरण घडले होते. व्ही. टी. नंदकुमार यांची ‘रंडु पेण्कुट्टिकळ’, म्हणजे ‘दोन मुली’, ही मल्याळम कादंबरी. तिच्यावर मोहन यांनी 1978 मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. भारतीय भाषांत दोन मुलींच्या प्रेमावर उघडपणे उभा राहिलेला चित्रपट म्हणून त्याचा उल्लेख होतो. पण कादंबरीतली धग पडद्यावर मंद केली गेली. मुलींमधले आकर्षण वयाचा एक टप्पा ठरले आणि गोष्ट लग्नाच्या वाटेला लागली. ही वळवण्याची युक्ती. ‘लहानपणी होते असे, पुढे जाते’ हे वाक्य आपल्याकडच्या कित्येक घरांत मुलींनी ऐकले आहे. चित्रपटाने त्याला एक सुंदर, समंजस रूप दिले, म्हणून ते अधिक परिणामकारक झाले.

पाचव्या युक्तीचे, कारण देण्याचे, मूळ शोधायचे तर इस्मत चुगताईंच्या ‘लिहाफ’पाशी जावे लागते. 1942 ची ही उर्दू कथा. नवाबाला तरुण मुलांत रस आहे, बेगम जान एकटी पडते, आणि तिची मालिश करणारी रब्बू तिच्या आयुष्यात येते. हे सगळे एका लहान मुलीच्या नजरेने दिसते: रात्री भिंतीवर हलणारी रजईची सावली, हत्तीसारखी. कथेवर लाहोरला अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून चुगताई सुटल्या, कारण कथेत बोट ठेवून दाखवावा असा एकही शब्द फिर्यादीला सापडेना. मद्रासमध्ये सरकारी भाषांतरकाराला पद्यांवर बोट ठेवता आले आणि मुद्दुपळनीचे पुस्तक बंद झाले. लाहोरमध्ये सावलीवर बोट ठेवता आले नाही आणि कथा वाचली. न बोलण्याने कथेचे रक्षण केले, हे खरे. पण न बोलण्याचीच सवय पुढे प्रेमाला लावली गेली.

दीपा मेहतांच्या ‘फायर’चे (1996) नाते ‘लिहाफ’शी नेहमी जोडले जाते. ते सरळ रूपांतर नाही, पण घडण तीच आहे. दिल्लीतल्या एकत्र कुटुंबात राधा आणि सीता या दोन जावा. एकीच्या नवऱ्याने स्वामींच्या नादाने ब्रह्मचर्य धरलेले, दुसरीच्या नवऱ्याची मैत्रीण वेगळी. कारण आहे. पण ‘फायर’ कारणापाशी थांबत नाही. राधा नवऱ्याला सामोरी जाते, आपली इच्छा आपल्या तोंडाने सांगते, आगीतून वाचते, आणि शेवटी दोघी जिवंत भेटतात. सेन्सॉर बोर्डाने तो जवळजवळ अखंड सोडला. हिंदी आवृत्तीत सीताचे नाव मात्र नीता करावे लागले. म्हणजे प्रसंग चालले, नाव चालले नाही. 1887 च्या संपादकाने मुद्दुपळनीच्या ओळखीवर कात्री चालवली होती, त्याची इथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पुढचा भाग मुंबईचा आहे. 1998 च्या नोव्हेंबरात चित्रपट लागला. 2 डिसेंबरला गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये शिवसेनेच्या महिला आघाडीच्या कार्यकर्त्या घुसल्या, तोडफोड झाली, खेळ बंद पडला. पाठोपाठ दिल्लीतल्या रीगलवर हल्ला झाला. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे पाठवला गेला आणि 1999 च्या फेब्रुवारीत कात्री न लागता परत आला. त्या डिसेंबरात रीगलबाहेर मेणबत्त्या घेऊन निदर्शने झाली. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे फलक पुष्कळ होते. त्यांच्यामध्ये काही बायका ‘लेस्बियन’ हा शब्द लिहिलेले फलक घेऊन उभ्या राहिल्या. आपल्या बाजूच्या काहींनाही तो शब्द त्या वेळी नको होता; स्वातंत्र्याचा मुद्दा त्याने अडचणीत येईल असे वाटत होते. त्या बायकांना ठाऊक होते की शब्द गेला की माणूसही जातो. नागरत्नम्मांनी आजीच्या नावासकट काव्य छापले, त्यामागे हीच जाण होती.

गेल्या दहा-बारा वर्षांत रूपांतरांची चाल बदलली आहे. पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी 1952 मध्ये ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ टोपणनावाने छापली होती. त्या कादंबरीतल्या दोघी शेवटी एकत्र येतात, हे त्या काळी नवल होते. टॉड हेन्स यांच्या ‘कॅरल’ने (2015) तो शेवट सांभाळला. सारा वॉटर्स यांची ‘फिंगरस्मिथ’ व्हिक्टोरियन इंग्लंडातली. पार्क चान-वुक यांनी 2016 च्या ‘द हँडमेडन’मध्ये ती जपानी राजवटीखालच्या कोरियात नेली. देश, काळ, कथानकाची वळणे बदलली, दोघींचे प्रेम तसेच ठेवले. रूपांतर किती दूर गेले यावर ते प्रामाणिक की अप्रामाणिक हे ठरत नाही, हे यातून दिसते. पण हेही खरे की दाखवण्याने सगळे साधत नाही. ज्यूली मारोह यांच्या चित्रकादंबरीवरचा ‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’ 2013 मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्काराचा मानकरी ठरला. त्यातले लांबलचक शृंगारप्रसंग लेस्बियन स्त्रीच्या अनुभवाचे वाटत नाहीत, असा आक्षेप खुद्द मारोह यांनीच घेतला. पूर्वी स्त्रीला गाळून तिचा आवाज नाहीसा होत असे. इथे ती पूर्ण पडदाभर होती आणि तिचे निवेदन पुन्हा हरवले.

हिंदीतही गंमत घडली. अभिषेक चौबे यांच्या ‘डेढ इश्किया’त (2014) भिंतीवर दोन बायकांच्या सावल्या पडतात, ‘लिहाफ’ वाचलेल्याला खूण पटते, आणि बेगम पारा व मुनिया पुरुषांना मागे टाकून आपल्या वाटेने निघून जातात. इस्मत आपांच्या सावलीला सत्तर वर्षांनी बाहेरचे दार सापडले. 2019 मध्ये ‘एक लडकी को देखा तो ऐसा लगा’ आला. त्याने प्रेरणा म्हणून श्रेय दिले पी. जी. वुडहाउस यांच्या ‘अ डॅम्झेल इन डिस्ट्रेस’ला. त्या 1919 च्या विनोदी कादंबरीत कोणी लेस्बियन नाही. आपली मुलगी कोणावर प्रेम करते याविषयी घरच्यांचा झालेला गैरसमज आहे. लेखिका गझल धालीवाल आणि दिग्दर्शिका शेली चोप्रा धर यांनी त्या गैरसमजात पंजाबच्या छोट्या गावातली एक मुलगी बसवली, जिचे प्रेम मुलीवर आहे आणि घरच्यांना तिथवर विचारच पोचत नाही. ‘दीज थ्री’ने स्त्री-स्त्री प्रेमाचे पुरुषप्रेम केले होते, हा बरोबर उलटा प्रवास. आणि तोही कोणाला न मारता.

मराठी पडद्यावर मात्र ‘उंबरठा’नंतर असे रूपांतर शोधावे लागते. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या मराठी कादंबरीचा चित्रपट 2022 मध्ये आला. त्यात भाऊ आणि बहीण एकाच पुरुषाच्या प्रेमात पडतात, आणि चित्रपट हिंदी-इंग्रजीत आहे.  ‘मित्राची गोष्ट’ पडद्यावर आणायचे म्हटले तर पहिला प्रश्न आत्महत्या ठेवायची की काढायची, हा नसावा. पहिला प्रश्न असा: बापू मध्ये उभा असताना मित्राला स्वतःविषयी बोलायला जागा कशी मिळेल? 1940 च्या पुण्या-मुंबईतली एक मुलगी, पुरुषाचा वेष घालून रंगमंचावर उभी, समोरच्या नायिकेकडे पाहते आणि तिला आपण कोण आहोत ते कळते, हा क्षण तिच्याच डोळ्यांनी पाहिला तर गोष्ट वेगळी होईल.

नागरत्नम्मांच्या संपादनाने एक साधी कसोटी आपल्याकडे दिली आहे. त्यांनी काव्यात सुधारणा केली नाही, त्याला मवाळ केले नाही, त्याचे कारणही दिले नाही. मूळ प्रत मिळवली, गाळलेले भरले, आणि लिहिणारी कोण होती हे तिच्याच शब्दांत परत पुस्तकात आणले. चित्रपट हे पुस्तक नव्हे. त्याला बदल करावेच लागतात. पण प्रत्येक बदलापाशी तोच प्रश्न विचारता येतो: यात गेले ते काय गेले? एखादे दृश्य, एखादे पात्र, एखादे शहर गेले तर चित्रपट तरतो. स्वतःविषयी बोलणारी बाई गेली, की उरते ती दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट.